कुंडीतली इवलीशी बाग: या चुका टाळा

पहिली छोटी बाग केली तेव्हा माझी सगळी हौस मातीच्या वरच्या अर्ध्या इंचात खर्च झाली. आइस्क्रीमच्या काड्यांचं कुंपण, काडेपेटीएवढं घर, दारापासून झाडापर्यंत खड्यांची पाऊलवाट. तिसऱ्या आठवड्यात घर फुगलं, काड्या एकेक करून गळाल्या आणि वाटेवर पांढरी बुरशी चढली. "आई, तुझ्या गावात पूर आलाय," लेकीनं दप्तर अडकवता अडकवता सांगितलं. निदान अगदी बरोबर होतं. झाडाला पाणी हवं, कलाकुसरीला ते नको, आणि आपण दोघांना एकाच कुंडीत नांदायला लावतो.

भोक नसलेली देखणी कुंडी

काचेचा बाउल, जुना कप, चिनी मातीचं पसरट भांडं. फोटोत यांच्यासारखं काही दिसत नाही, मान्य. पण तळाला भोक नसलं की "खाली खडे घाला, जास्तीचं पाणी त्यात उतरेल" हा सल्ला ठरलेला. तो ऐकू नका. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते आणि पुरती चिंब झाल्याशिवाय खालच्या भरड खड्यांत सोडत नाही. त्यामुळे चिखलाचा पट्टा तळाशी राहायचा तो खड्यांच्या डोक्यावर, मुळांजवळ येऊन बसतो. वर कुंडीची खोलीही कमी होते.

पटत नसेल तर भांडी घासायचा चौकोनी स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. टपटप थांबली की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल, कारण उंची वाढली की जास्तीचं पाणी खाली उतरतं. माती तीच असली तरी उथळ भांड्यात ओल जास्त टिकते ती याच कारणानं. आणि आपण या बागांसाठी नेमकी ताटलीसारखी भांडी शोधून आणतो!

उपाय दोन. चकाकत्या चिनी मातीला डायमंड बिटनं, म्हणजे हिऱ्याची कणी लावलेल्या ड्रिलच्या टोकानं, भोक पाडता येतं. ड्रिलचा हॅमर मोड (ठोके देण्याची सोय) बंद, वेग कमी, जागा सतत ओली आणि डोळ्यांवर चष्मा. ते जमणार नसेल तर बाग भोकं असलेल्या प्लास्टिकच्या कुंडीत करा आणि ती कुंडी देखण्या भांड्यात नुसती ठेवा. पाणी घालताना बाहेर काढायची, निथळली की परत आत.

गोंदाचं गणित

पांढरा गोंद सुकला की पक्का वाटतो, ओल लागली की सुटतो. हॉट ग्लू पाण्याला दाद देत नाही, पण कडक उन्हात मऊ पडतो. सुपरग्लू चिकटतो झटकन, मात्र सांधा ठिसूळ राहतो. थर्माकोलवर लावलात तर तो थर्माकोल खातो, आणि पारदर्शक प्लास्टिकच्या खिडकीजवळ लावलात तर त्याच्या वाफेनं काचेवर धुकं बसतं. ते धुकं पुसून जात नाही, मी तासभर घासून पाहिलंय. कुंडीत राहणाऱ्या वस्तूंसाठी दोन नळ्यांतलं एकत्र कालवून लावायचा एपॉक्सी गोंद बरा.

एअर ड्राय क्लेचं, म्हणजे हवेवर सुकणाऱ्या मातीचं घर रंगवलं म्हणजे झालं, असंही नाही. आपण व्हार्निश चारी भिंतींना लावतो आणि बूड कोरं ठेवतो. ओल तिथूनच वर चढते. बुडालाही दोन-तीन हात द्या आणि घर मातीत रोवण्याऐवजी चपट्या दगडावर बसवा. पाणी घालताना ते उचलून बाजूला ठेवता आलं पाहिजे.

फोटोतला बाक आणि हातातला बाक

एकदा ऑनलाइन बाक मागवला. फोटोत त्यावर मांजर बसेल असा ऐसपैस, हातात आला तो करंगळीच्या नखावर मावणारा. तक्रार केली तर उत्तर आलं, "माप वर्णनात दिलेलं आहे." दिलेलं होतं खरं, सगळ्यात शेवटच्या ओळीत: 2 सेंमी.

बाहुलीघरांचं रूढ प्रमाण 1:12, म्हणजे एका फुटाला एक इंच. त्या हिशोबानं सहा फुटी दरवाजा 15 सेंमीचा होतो, आणि छोट्या कुंडीत तो किल्ल्याच्या दारासारखा दिसतो. तिथे 1:24 घ्या, दार साडेसात सेंमीवर येईल. एका बागेत दोन प्रमाणं मिसळू नका. मागवण्याआधी वर्णनातल्या मापाचा कागद कापून कुंडीत उभा करून बघायचा. मी आता तेवढंच करते, आणि बरेचसे बाक कागदावरच बाद होतात.

विकतची सजावट

निवडुंगाच्या डोक्यावर महिनोन् महिने न कोमेजणारं भडक फूल दिसलं तर ते बहुधा हॉट ग्लूनं चिकटवलेलं वाळकं फूल असतं. खरं फूल काही दिवसांत मिटतं. चिकटवलेलं उपटायची घाई नको, सालही सोबत निघते. देठ कापा आणि गोंद तसाच राहू द्या. कुंडीतले वरचे खडेही बोटानं हलवून बघा. ते एकमेकांना चिकटवलेले असले तर पाणी आत नीट झिरपत नाही आणि खालची माती ओली की कोरडी, हेही कळत नाही. चमच्याच्या दांड्यानं तो थर काढून टाका.

निळ्या गुलाबाच्या बियांचं पाकीट मात्र घेऊच नका. गुलाबात निळा रंग देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य तयार होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं जनुकं बदलून 2004 मध्ये असा गुलाब जाहीर केला, 2009 मध्ये विक्रीला आणला, आणि तोही जांभळटच आहे. पाकिटातून काय उगवेल कोण जाणे. उगवायची वाट बघत बसलात तर तक्रारीची मुदत आधी संपते, कारण गुलाबाच्या बीला थंडाव्यात आठवडे, कधी महिने लागतात. पाकीट आधीच घेऊन बसला असाल तर आल्याआल्या बी तळहातावर ओता. गुलाबाचं बी काही मिलिमीटरचं, टणक, कोनेरी आणि फिकट तपकिरी असतं. काळी बारीक पूड निघाली तर त्याच दिवशी पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा आणि विक्रेत्याला पाठवा.