सनद मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत या चुका टाळा

ज्युनिअर वकिलांच्या फायली तपासताना मला सर्वाधिक वेळा आढळलेली चूक मुदत मोजण्याची आहे. धनादेश न वटल्याचे प्रकरण नवोदिताकडे हमखास येते. त्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या (धनादेशासारख्या दस्तऐवजांच्या कायद्याच्या) कलम १३८ नुसार धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, ती मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे भरण्यासाठी द्यावे लागतात आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते. पक्षकाराला घाई असते, म्हणून पंधरावा दिवस उलटण्याआधीच फिर्याद दाखल केली जाते. अशी फिर्याद चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. नोटीस पाठवल्याची पावती पुरेशी नसते, ती कोणत्या दिवशी पोहोचली याचा टपालाचा पुरावा त्याच दिवशी फायलीला लावावा आणि तिथून दिवस मोजावेत.

चूक होऊन गेली असेल, तर ती कोणत्या टप्प्यावर झाली हे आधी पाहावे. फिर्यादीला उशीर झाल्यास पुरेसे कारण दाखवून त्याच कायद्याच्या कलम १४२ खाली विलंबमाफी मागता येते. नोटिशीच्या उशिराला मात्र तशी सोय नाही. तिथे धनादेशाची तीन महिन्यांची वैधता शिल्लक असल्यास तो पुन्हा बँकेत भरावा आणि परत आल्यास नव्याने नोटीस द्यावी.

अपिलातही हेच घडते. प्रमाणित नकलेसाठी लागलेला काळ मुदतीतून वगळला जातो, पण नकलेचा अर्जच महिन्याने केला तर आधीचे दिवस वाया गेलेले असतात. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी नक्कल अर्ज द्यावा.

जुना मसुदा समोर ठेवून नवा अर्ज लिहिणे ही दुसरी धोक्याची सवय. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि कलम ४८२ चा अर्थच बदलला: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे होते, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते अटकपूर्व जामिनाचे आहे. शीर्षकात चुकीचे कलम गेल्याचे लक्षात येताच दुरुस्ती अर्ज द्यावा, न्यायालयाने दाखवून देण्याची वाट पाहू नये.

सुरुवातीच्या मानधनात घर चालत नाही, ही व्यथा खरी आहे आणि सिनिअर मंडळींनी तिच्याकडे गांभीर्याने पाहायला हवे. तरीही निकालावर अवलंबून फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, आणि फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवणे हे गैरवर्तन असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये म्हटले आहे. फी वकीलपत्रावर सही होतानाच लेखी ठरवावी आणि घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी.

तारीख हुकली, तर ती गोष्ट सिनिअरांना त्याच संध्याकाळी सांगावी. एकतर्फी आदेश रद्द करून घेण्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी दिला, तर कारण पटवून देणे सोपे जाते. दोन महिन्यांनी दिलेल्या अर्जात प्रत्येक दिवसाचा खुलासा करावा लागतो.