बीआरटीत नवे असाल तर आधी घड्याळ घेऊन फलाटावर उभे राहा

बीआरटीच्या, म्हणजे राखीव मार्गिकेवरून धावणाऱ्या जलद बससेवेच्या, कामात नव्याने आलेल्याला पहिल्या आठवड्यात नकाशे, निविदा आणि रंगीत सादरीकरणं दाखवली जातात. स्वतंत्र मार्गिका, रस्त्याच्या मधोमध स्थानकं, बसच्या तळाच्या उंचीचे फलाट, बसमध्ये चढण्याआधीच तिकीट हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार, ते उगाळण्यात अर्थ नाही. पण एक खड्डा असा आहे की त्यात हुशार माणसं आधी पडतात. तो जरा लांबण लावून सांगावाच लागेल.

सगळ्यांना वाटतं, मार्गिकेची क्षमता बस किती आहेत त्यावर ठरते. ती ठरते फलाटावर, आणि तीही सर्वांत गर्दीच्या एका फलाटावर.

गणित करून बघा. थांबण्याची जागा एकच आहे. बस तिथे सरासरी 25 सेकंद उभी राहते. ती हलून मागची बस तिच्या जागी लागेपर्यंत आणखी 12 सेकंद जातात. म्हणजे एका बसमागे जागा 37 सेकंद अडली. तासाला 60 बस सोडल्या तर 2,220 सेकंद झाले. तासात 3,600 सेकंद असतात, म्हणजे जागा 62 टक्के वेळ भरलेली. उरलेले 38 टक्के कागदावर मोकळे दिसतात आणि नेमकी तिथेच फसगत होते. बस काही मिनिटाला एक अशी शहाण्यासारखी येत नाही. मागचा सिग्नल सुटला की तीन एकदम येतात, मग दोन मिनिटं कोणी नाही. म्हणून 40 टक्क्यांच्या आसपासच रांग लागायला सुरुवात होते. त्यात ‘गर्दी आहे, बस वाढवा’ असा वरून निरोप येतो. 60 च्या 75 केल्या की जागा 77 टक्के भरते. फलाटावरची गर्दी तशीच राहते, आणि भरलेल्या बस फलाटाच्या अलीकडे दारं बंद करून उभ्या राहतात. आतले प्रवासी काचेतून स्थानक बघत बसतात. हे दृश्य दिसलं की बस वाढवायच्या नाहीत. कोणीही सांगितलं तरी नाहीत.

उपाय दोन. पहिला, थांबण्याची दुसरी जागा. तासाच्या 60 बस 30-30 वाटल्या की प्रत्येक जागा 31 टक्क्यांवर येते. मात्र ही दुसरी जागा पहिलीला चिकटून दिली आणि ओलांडायला मार्गिका ठेवली नाही, तर मागच्या बसचं काम उरकलं तरी ती पुढचीच्या मागे अडकून राहते. मग हिशेब निम्म्यावर येत नाही. 12 मीटरच्या बसला बाहेर निघायला दोन जागांमध्ये साधारण 20 मीटर मोकळे हवेत. कोलंबियातल्या बोगोटाने 2000 साली सेवा सुरू करतानाच स्थानकांवर ओलांडण्याची मार्गिका दिली, त्या सेवेच्या अफाट क्षमतेचं मर्म तिथे आहे. ही जागा नंतर मिळत नाही. आराखड्यात मागा, भांडून मागा.

दुसरा उपाय, 25 सेकंद कमी करणं. चालकाजवळ रोख पैसे देऊन तिकीट काढणाऱ्या एका माणसाला साधारण 3 सेकंद लागतात, वीस माणसांचं एक मिनिट तिथेच गेलं. तिकीट स्थानकात आणि बसला तीन-चार रुंद दारं असली की तीच वीस माणसं काही सेकंदांत आत जातात. जकार्ताची सेवा 2004 मध्ये सुरू झाली तेव्हा बसला फलाटाच्या बाजूने एकच दार होतं. मार्गिका मोकळी असूनही गाडं दारात अडलं. त्यामुळे बस खरेदीची निविदा वाचताना इंजिनाच्या आधी दारं मोजा.

मोजायचं कसं, तेही सांगून टाकू. सर्वांत गर्दीच्या स्थानकावर, गर्दीच्या वेळी, किमान तीस बस. प्रत्येक बसच्या चार वेळा लिहा: चाक थांबलं, दार उघडलं, दार मिटलं, चाक हललं. दाराच्या अलीकडची-पलीकडची सेकंदं वेगळी काढली की कळतं, वेळ प्रवासी खातायत की दाराची यंत्रणा. सरासरीवर समाधान मानू नका, सर्वांत वाईट पाच बस बघा. संगणकावरच्या प्रतिकृतीवर फार भरवसा नको. तिला 20 सेकंद भरवले तर ती 20 धरूनच देखणं चित्र काढून देईल.

फट हा दुसरा छळ. बस आणि फलाट यांच्यात 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त फट राहिली की माणसं खाली बघतात, थबकतात, लहान मुलाचा हात घट्ट धरतात, आणि तुमचे सेकंद वाढतात. ब्राझीलमधल्या कुरितिबात बसच्या दारातून फळी खाली येऊन फलाटावर टेकते, तिथे फटीचा प्रश्नच मिटला. पण त्या उघडझापीला वेळ लागतो. फळी नसेल तर रस्त्यावर चाकासाठी रंगीत पट्टा आणि चालकांचा सराव, दुसरं औषध नाही. सराव रिकाम्या बसने करून भागत नाही. भरलेली बस खाली दबते आणि उंचीचा फरक तेव्हा दिसतो.

चौकाबद्दल थोडक्यात: स्थानक सिग्नलला चिकटवू नका, शक्यतो 40 मीटर दूर ठेवा. दिल्लीत 2008 मध्ये सुरू झालेल्या पट्ट्यात स्थानकं चौकाच्या तोंडाशीच होती, बंदिस्त स्थानकात आधी तिकीट काढण्याची सोय नव्हती आणि मार्गिकेत वाटेल ती बस शिरायची. लाल सिग्नलवरची बस फलाट अडवून बसायची. 2016 मध्ये तो पट्टा उखडला गेला.

बसची संख्या काढणं मात्र सोपं आहे, त्याची धास्ती नको. 12 किलोमीटरचा मार्ग, ताशी 20 किलोमीटर वेग, म्हणजे जायला 36 मिनिटं. जाऊन-येऊन 72, दोन्ही टोकांची मिळून 8 मिनिटं विश्रांती, झाली 80. दर 4 मिनिटांनी बस हवी तर 20 बस. वर दोन राखीव, 22. लोक चुकतात ते त्या 8 मिनिटांत. तीच कापून दोन बस वाचवल्या की सकाळचा उशीर थेट संध्याकाळपर्यंत वाहत जातो.

हे सगळं शिकायचं कोणाकडून? परदेशी दौरा करून आलेल्यापेक्षा डेपोतल्या जुन्या वाहतूक नियंत्रकाकडून. दोन बस एकामागे एक आल्या की पुढचीला पळव असं तो सांगत नाही, मागचीला एखाद्या मिनिटाने रोखतो. कोणत्या थांब्यावर रोखली तर प्रवासी कमी चिडतात, हे त्याला तोंडपाठ असतं.

आणि सेवा सुरू झाल्यावर पहिले काही दिवस आकडे भयंकर येतील. 25 चे 40 सेकंद होतील. लोक दार शोधत असतात, कार्ड उलटं धरतात, उतरणाऱ्यांच्या आधी चढतात. त्या आकड्यांवर वेळापत्रक बदलू नका. दारांच्या जागी फलाटावर खुणा करा, मोठ्या स्थानकांवर प्रत्येक दाराशी एक माणूस उभा करा आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तीस बस मोजा. तरीही 40 च येत असतील, तर दोष प्रवाशांचा नाही, दारांचा किंवा फटीचा आहे.