विद्युतचुंबकीय तरंगांचा पाठ गॅसच्या लायटरपासून

दहावीच्या आसपासच्या वर्गाला विद्युतचुंबकीय तरंग शिकवताना रेडिओ तरंगांपासून गॅमा किरणांपर्यंतचा तक्ता पहिल्याच तासाला फळ्यावर काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुले तो पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. तक्ता शेवटी यावा, आणि तो मुलांनीच भरावा.

पहिल्या तासाला मीडियम वेव्ह लागणारा ट्रान्झिस्टर आणि शेगडी पेटवण्याचा ठिणगीचा लायटर एवढे साहित्य पुरते. गावात कोणाच्या तरी आजोबांकडे असा ट्रान्झिस्टर सापडतोच. काटा दोन केंद्रांमधल्या रिकाम्या जागी ठेवून आवाज वाढवावा आणि वीतभर अंतरावर लायटर दाबावा. प्रत्येक ठिणगीसरशी रेडिओत 'कट्' असा आवाज उमटतो, मध्ये वही धरली तरी उमटतो. हा लायटरचाच आवाज असेल अशी शंका मुले घेतात, आणि ती घ्यायलाच हवी. रेडिओ बंद करून लायटर पुन्हा दाबला की फरक त्यांनाच कळतो. मॅक्सवेल यांनी गणिताने सांगितलेले तरंग हर्ट्झ यांनी 1887 च्या सुमारास अशाच ठिणगीतून प्रत्यक्ष निर्माण केले, ही माहिती प्रयोगानंतर द्यावी.

यानंतर तरंगलांबी काढायला लावावी. आकाशवाणी परभणीची वारंवारता 1305 किलोहर्ट्झ घेऊन प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे 3,00,000 किलोमीटरला, तिने भागले की उत्तर सुमारे 230 मीटर येते. हे अंतर शाळेबाहेरच्या रस्त्यावर पावलांनी मोजून घ्यावे. मोबाइलच्या 1800 मेगाहर्ट्झसाठी तेच उत्तर सुमारे 17 सेंटीमीटर, तर घरावरच्या डिश अँटेनासाठी अडीच सेंटीमीटरच्या आसपास येते. मग विचारावे, की जोराचा पाऊस लागला की डिशचे चित्र जाते, पण रेडिओवरच्या बातम्या का चालू राहतात? पावसाचे थेंब आखूड तरंग शोषतात आणि विखुरतात, 230 मीटरच्या तरंगाला मात्र त्यांचा अडथळा जवळजवळ होत नाही. माझ्या अनुभवात या एका प्रश्नावर वर्ग जेवढा बोलतो, तेवढा तक्त्यावर कधीच बोलत नाही. पत्र्याच्या खोलीत रेंज का कमी होते, हा प्रश्न मुले मग आपणहून विचारतात.

टीव्हीच्या रिमोटचे अवरक्त किरण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून, शक्यतो पुढच्या, दाखवावेत; दोन मिनिटे पुरतात.

रेडिओवर आवाज येतो म्हणून रेडिओ तरंग हे ध्वनितरंगच, हा गैरसमज मात्र चिवट असतो. वीज चमकते त्याच क्षणी रेडिओ खरखरतो आणि गडगडाट मागाहून, किलोमीटरमागे सुमारे तीन सेकंदांनी येतो, हे मुलांनी ऐकलेले असते. त्याचीच आठवण द्यावी. वीज पडण्याचे आपल्याकडचे प्रमाण पाहता हे निरीक्षण करण्यासाठी कोणालाही उघड्यावर पाठवू नये.

मोबाइल टॉवरची भीतीही वर्गात निघतेच. क्ष-किरण आणि गॅमा किरण अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकतात, मोबाइलच्या तरंगांत तेवढी ऊर्जा नसते, एवढा भेद नीट समजावावा.

तक्ता भरताना हिंगोली जिल्ह्यातली मुले औंढा नागनाथजवळच्या लायगो प्रकल्पाविषयी विचारतील. तिथे शोधायचे आहेत ते गुरुत्वीय तरंग, म्हणजे अवकाश-काळातल्याच लहरी; ते विद्युतचुंबकीय नसल्याने या तक्त्यात बसत नाहीत. ते टिपण्यासाठी लागणारा लेझर मात्र 1064 नॅनोमीटरचा असतो, तो मुलांनी अवरक्ताच्या रकान्यात लिहावा.