छोटा जॉब बोअरवर पकडताना या चुका टाळा

बुश, लहान पुली, गिअर ब्लँक असे जॉब बाहेरून लेथच्या चकात धरले की जबड्यांचे वळ उठतात आणि बाहेरचा व्यास बोअरशी, म्हणजे मधल्या भोकाशी, एककेंद्री राहील याची खात्री उरत नाही. म्हणून आधी बोअर पूर्ण करून जॉब मँड्रेलवर, म्हणजे त्या भोकात बसणाऱ्या दांड्यावर, चढवतात. ही पद्धत लेथवरचा प्रत्येक जण शिकतो, पण नीट मँड्रेल तयार करायला लागणारा वेळ अनेकांना जड जातो, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे एक्सपांडिंग मँड्रेल (चिरा पाडलेला, स्क्रू आवळला की फुगून जॉब आतून धरणारा) बोअरपेक्षा बराच लहान कापणे आणि उरलेली फट स्क्रू आवळून भरून काढणे. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये गनमेटलच्या बुशचा एक लॉट याच कारणाने परत आलेला मी पाहिला आहे. बोअर 30 मिलिमीटर, भिंत जेमतेम 2 मिलिमीटर. जॉब झटपट चढावा म्हणून नव्या टर्नरने मँड्रेल 0.2 मिलिमीटर लहान ठेवला होता, त्याला तीनच चिरा पाडल्या होत्या आणि ॲलन कीवर पाइप घालून तो स्क्रू आवळत होता. मँड्रेलचे तीन भाग बोअरला तीनच रेषांवर टेकत, तिथे भिंत बाहेर ढकलली जाई आणि त्या ताणलेल्या अवस्थेत बाहेरचा व्यास अगदी गोल कापला जाई. स्क्रू सैल केला की भिंत मागे येई आणि गोलाई जाई. मायक्रोमीटरने हे पकडले नाही, कारण तीन फुगवट्यांच्या आकारात प्रत्येक फुगवट्यासमोर चपटा भाग येतो आणि व्यास कुठूनही मोजला तरी जवळपास सारखाच भरतो. तपासणीत पास झालेले बुश हाउसिंगमध्ये शिरेनात. शेवटी व्ही-ब्लॉकवर बुश ठेवून डायल (बारीक फरक काट्याने दाखवणारे मापक) लावला, तेव्हा एका फेरीत काटा तीनदा हलला आणि कारण कळले.

मी मँड्रेल बोअरपेक्षा 0.01 ते 0.02 मिलिमीटरच लहान ठेवतो, पातळ जॉबसाठी सहा चिरा पाडतो आणि स्क्रू किंचित टेकवून मगच मँड्रेलचा शेवटचा कट घेतो. आवळायला आखूड की वापरतो, आणि फिनिश कटच्या आधी पकड थोडी सैल करतो. असा मँड्रेल ज्या चकात कापला त्यातून लॉट संपेपर्यंत काढायचा नाही. परत लावल्यावर तो तेवढ्याच जागी बसतो असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा डायल लावून पाहावे. चिरा जॉबच्या लांबीपेक्षा खोल हव्यात. नाहीतर मँड्रेल फक्त तोंडाशी उघडतो आणि जॉब मागच्या बाजूला डुलतो.

बोअरच्या कडेची बर (कापताना उठलेली धारदार कड) न काढणे, मँड्रेलच्या खांद्याच्या कोपऱ्यात अंडरकट (छोटी खाच) न देणे, चिरांमधला कीस तसाच ठेवणे: या तीन गोष्टींना कोणतीही सबब नाही.

नट लावून पकडायच्या मँड्रेलवर जॉबचा फेस (टोकाची सपाट बाजू) बोअरला काटकोनात नसेल, तर नट आवळताना जॉब तिरका ओढला जातो आणि बारीक मँड्रेल वाकतो. मागे टेकणारा फेस बोअरच्याच सेटिंगमध्ये मारावा.

सेंटरमध्ये (दोन्ही टोकांच्या अणीदार आधारांमध्ये) धरायच्या टेपर मँड्रेलचा उतार साधारण 1:2000 असतो. एच-7 या प्रमाणित मापसुटीच्या 20 मिलिमीटर बोअरमध्ये 21 मायक्रॉनची (0.021 मिलिमीटर) सूट असल्याने दोन बरोबर जॉबसुद्धा मँड्रेलवर 42 मिलिमीटरपर्यंत अंतराने बसू शकतात. त्यामुळे स्टॉप (टूल ठरावीक जागी थांबवणारा अडथळा) लावून लांबी राखण्याचा आग्रह इथे सोडावा. कट नेहमी जाड टोकाकडे घ्यावा, म्हणजे कापण्याच्या जोराने पकड घट्ट होते. मँड्रेल आर्बर प्रेसने दाबून बसवावा. पोलादी हातोड्याने ठोकला की सेंटरची भोके बिघडतात आणि तो मँड्रेल विश्वासाचा राहत नाही.

ॲल्युमिनियमच्या जॉबला उष्णतेचे भान ठेवावे लागते. 20 मिलिमीटरचा बोअर 40 अंशांनी तापला की सुमारे 18 मायक्रॉनने मोठा होतो. पोलादी मँड्रेल तेवढाच तापला तरी निम्माच वाढतो. हलकी पकड सुटायला एवढा फरक पुरतो. म्हणून अशा जॉबवर कूलंट पहिल्या कटापासून चालू ठेवतो आणि फिनिश कटच्या आधी मशीन बंद करून पकड हाताने पुन्हा तपासतो.