तांब्या-पितळेचे दागिने काळे-हिरवे पडतात? या चुका टाळा

गणपती उठले की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. काळवंडलेले झुमके, हिरवट कडी, आणि खाली प्रश्न ठरलेला: "ताई, लॅकर डुप्लिकेट निघालं का?" (लॅकर म्हणजे धातूची चमक टिकवायला मारतात तो पारदर्शक थर.) नसतं हो बहुतेक वेळा. लॅकर बरं असतं, मारणाऱ्याला घाई असते. हे मी सांगू शकते, कारण ती घाई आधी मी केलेली आहे.

आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गौरी-गणपतीच्या स्टॉलसाठी पितळेचे चाळीस जोड झुमके करायचे होते. श्रावण, साताऱ्यात संततधार, अजिंक्यतारा तीन दिवस दिसलेला नव्हता. रात्री दहाला बफिंग, म्हणजे चाकावर घासून चकाकी आणणं, संपलं, जुन्या ओढणीनं झुमके पुसले आणि गच्चीवरच्या पत्र्याखाली लॅकरचा स्प्रे मारला. पाच मिनिटांत सगळ्यांवर दुधावर येते तशी साय आली. दमट हवेत हे होतंच. लॅकरमधलं थिनर भराभर उडतं, उडताना धातू गार पडतो आणि हवेतली वाफ त्या ओल्या थरावर बसते. मी काय करावं? वरून आणखी एक जाड थर मारला! साय होती तिथंच राहिली आणि वर ओघळ आले ते वेगळेच.

त्यातल्या त्यात बरे दिसले ते विकले. तीन आठवड्यांनी एक बाई जोड परत घेऊन आल्या. झुमक्याच्या पाठीवर, लॅकरच्या आत, तपकिरी रंगात माझा अंगठा उमटला होता. रेषान् रेषा मोजून घ्यावी इतका स्वच्छ. घामातलं मीठ आणि तेल लॅकरखाली कोंडलं की ते आतल्या आत धातू खात बसतं, आणि वरून कितीही घासलं तरी हाताला लागत नाही. सगळे जोड अॅसिटोनमध्ये बुडवून लॅकर उतरवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

तेव्हापासून माझी सवय अशी. बफची पेस्ट मेणकट असते, ती फडक्यानं जात नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश. रिठ्याचं पाणी असेल तर उत्तम, आपले सोनार काय उगीच रिठे वापरत नव्हते. धुतल्यावर वस्तू पाण्याखाली तिरकी धरायची. पाणी सलग पसरलं तर धातू स्वच्छ, थेंब थेंब होऊन फाटलं तर तेल शिल्लक आहे, परत धुवा. मग अॅसिटोनचा कापूस, आणि त्यानंतर बोट लावायचं नाही, थेट तारेच्या आकड्याला टांगायचं. केस वाळवायच्या ड्रायरनं कोमट करायचं, ड्रायर बंद करून बाजूला ठेवायचा आणि मग दोन पातळ थर, मध्ये वीस मिनिटं. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. जून ते सप्टेंबर मी लॅकरचा डबा उघडतच नाही. त्या दिवसांत मधमाशीचं मेण: वस्तू कोमट करायची, मेण अगदी नावाला फिरवायचं, मलमलच्या फडक्यानं पुसून घ्यायचं. चमक थोडी कमी येते. चालतं.

नेलपॉलिशचा पारदर्शक थर देणाऱ्यांशी मी या विषयावर बोलत नाही.

घासायच्या पॉलिश पेपरचे नंबर गाळू नका. २२० वरून उडी मारून १००० वर गेलात तर २२० चे ओरखडे आतच राहतात आणि बफ केल्यावर सगळ्यांना दिसतात. २२०, ४००, ६००, १०००, आणि दर पेपरला दिशा आडवी-उभी बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या का ते कळतं.

झाळल्यावर दागिना तुरटीच्या किंवा सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात टाकता तेव्हा लोखंडी चिमटा घालू नका. त्या पाण्यात विरघळलेलं तांबं पितळेवर चढतं आणि दागिना गुलाबी होतो. बांबूचा चिमटा दहा मिनिटांत घरी होतो. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, नाहीतर सांध्यात राहिलेलं अॅसिड पुढच्या महिन्यात हिरवं होऊन बाहेर येतं. चिंच-मीठ तांब्याच्या हंड्याला ठीक, बारीक गुंफलेल्या तारेला नको. मीठ फटीत अडकतं, आणि एकदा जंगाल, म्हणजे हिरवा गंज, धरला की तो पुन्हा पुन्हा येतो.

काळं पॅटिना, म्हणजे मुद्दाम आणलेला जुनाट रंग, हवं असेल तर तांब्याला अंड्यातून निघणारी गंधकाची वाफ पुरते. गरम उकडलेलं अंडं कुस्करून झाकणाच्या डब्यात ठेवायचं, दागिना शेजारी टांगायचा. (आमच्याकडे श्रावणात हे काम बंद. सासूबाई.) पितळ याला दाद देत नाही. कुणी "लिव्हर ऑफ सल्फर (धातू काळा करायचं गंधकाचं रसायन) जास्त घट्ट करून बघते" म्हणालं की समजावं, काळा पापुद्रा सुटून येणार.

आता ज्या चुकीचं नाव कुणी घेत नाही, ती. मेढ्याकडचा एक मुलगा माझ्याकडे शिकायचा. हात चांगला, ठोकाई सुरेख. त्यानं पितळी पत्र्याची रुंद कडी केली, गार पत्रा ठोकून ठोकून वळवलेली, चकचकीत. दिवाळीला विकू म्हणून पोत्यात बांधून गोठ्यावरच्या माळ्यावर ठेवली. खाली दोन म्हशी. आश्विनात पोतं सोडलं आणि मला फोन केला, "ताई, कड्यांना तडे गेल्यात बघा. कुणी हातबी लावला नव्हता." वाकवलेल्या जागी केसाएवढे बारीक तडे, दोन कडी तर बोटानं दाबल्यावर मोडली. त्याला वाटलं पत्राच खराब.

पत्रा ठीक होता. ठोकून ताणलेलं पितळ, ओल, आणि गोठ्यातल्या मुताचा अमोनिया, हे तिन्ही एकत्र आलं की पितळ तडकतं. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ साठवलेली पितळी काडतुसं अशीच तडकायची. ऋतू आला की तडे, म्हणून त्याला इंग्रजीत सीझन क्रॅकिंग नाव पडलं. कारण अमोनिया हे १९२१ साली छापून आलं. आणि आता हौशी मंडळी निळा-हिरवा रंग यावा म्हणून ठोकलेलं पितळ मुद्दाम अमोनियाच्या डब्यात कोंडतात. तांब्याचं पान करा हवं तर. ठोकलेल्या पितळेचं कडं करू नका. करायचंच असेल तर आधी २५०-३०० अंश सेल्सियसवर तासभर तापवून ताण काढा. रंग जातो, परत पॉलिश करावं लागतं. त्या मुलानं हे ऐकून तोंड वाकडं केलं होतं, पण पुढची कडी तापवूनच केली.

ठेवताना रबरबँड लावू नका, त्यात गंधक असतो, रबराच्या आकाराचा काळा पट्टा उमटतो. लोकरी कापडही नको. फोटोआधी खोबरेल चोळू नका. अंगठीच्या आत लॅकर टिकत नाही.

आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाका: तांब्यानं बोट हिरवं होतं. घामाशी तांब्याची गाठ पडली की होणारच, साबणानं जातं, त्यात फसवणूक नाही. कड्याच्या आतून मी दोन थर लॅकर देते आणि सांगते, झिजलं की घेऊन या, फुकट मारून देईन. आजवर तिघीच आल्या.