आधी पाईप, मग पासपोर्ट

दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर माझं फॅब्रिकेशनचं लहानसं दुकान आहे. ट्रॉलीचा डाला, घराचं गेट, डवऱ्याची पास, टाकीचं स्टँड, जे येईल ते काम घेतो. पोळा झाला की मात्र दुसरंच गिऱ्हाईक सुरू होते. पोट्टा मोटारसायकल उभी करतो, दहा मिनिटं माझा हात पाहत राहतो आणि मग हळूच म्हणतो, "काका, बाहेर जाचं हाय. काय करा लागते?"

२०१८ ते २०२२ अशी चार वर्षं मी सौदीत जुबेलला पाईप वेल्डर होतो. तेच ते सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. लिहिलंय वेल्डरच्या हिशोबानं, पण फिटर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांनाही बरंचसं लागू पडेल.

मी पोट्ट्याला उलट विचारतो, पाईप मारला का कधी? उत्तर बहुतेक एकच असते, "आयटीआय झालं ना काका." आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा. त्यात प्लेट येते, थोडाफार गॅस येतो. गावात आल्यावर आपण ६०१३ ची रॉड लावून गेट जोडत बसतो. ती रॉड गरीब गाय आहे, कशीही धरा, पेटते. आखातातल्या रिफायनरीला गेट नको असते. तिथे लागते सिक्स-जी, म्हणजे पाईप ४५ अंशात तिरपा बांधलेला, तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. वरून, बाजूने, खाली वाकून, डोक्यावर, सगळ्या बाजूंनी एकाच जोडात.

२०१६ मध्ये मी मुंबईला ट्रेड टेस्ट, म्हणजे बाहेर जायच्या आधीची कामाची परीक्षा, द्यायला गेलो. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसने, जनरलच्या डब्यात, दाराजवळ बसून. टेस्ट सेंटरवर ७०१८ ची रॉड हातात आली. ओव्हनमधून काढलेली, गरम. मी ती घरच्यासारखी लांबून ओढली. ७०१८ ला आर्क जवळ लागतो, अगदी चिकटेल की काय इतका जवळ. लांब धरला की जोडात हवा शिरते. वरून कॅप, म्हणजे जोडाचा सगळ्यात वरचा थर, माझी अशी देखणी दिसत होती, की बाजूचा पोरगा म्हणाला, भाऊ, पास झाला तू. जोडाचा एक्स-रे आला तर आत बुडबुडेच बुडबुडे. शिवाय सहाच्या काट्यावर, म्हणजे पाईपच्या तळाशी, रूट, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला पहिला थर, आत ओढला गेलेला. तपासणाऱ्याने फिल्म उजेडाला धरली, माझ्याकडे न बघताच बाजूला ठेवली. त्याच गाडीने परत.

नंतर मी बुटीबोरीला एका शेडमध्ये हेल्पर म्हणून लागलो. महिना ९ हजार. चौदा महिने ग्राइंडर मारला. जेवणाच्या सुट्टीत भंगारातले दोन इंची पाईपचे तुकडे घेऊन बसायचो. कडा घासून उतार द्यायचा, दोन तुकड्यांमध्ये अडीच-तीन मिलिमीटरची फट ठेवायची. मोजपट्टी लागत नाही, फिलरची तार वाकवून मध्ये अडकवली की झालं. मग अर्गन गॅसच्या वेल्डिंगने रूट, त्यावर ७०१८ चे थर. झालेला जोड करवतीने उभा कापून पाहायचा. कापल्याशिवाय खरं कळत नाही. माझ्या चौदा महिन्यांतले पहिले पाच-सहा महिने नुसतेच भोकं मोजण्यात गेले. आणि हो, पावसाळ्यात रॉडचा पुडा उघडा ठेवला तर ती ओल धरते आणि चांगल्या हाताचाही जोड फुगतो. आपल्याकडे जुलैत तर ठेवूच नका.

म्हणून सांगतो, बाहेर जायच्या नावाखाली पहिला खर्च करायचा तो रॉडवर आणि पाईपवर. एजंटवर नाही. सहा महिने ते वर्ष लागते. तेवढं थांबायला कोणी तयार नसते, हीच तर खरी अडचण आहे. सौदीने आता वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक यांना विजाच्या आधी भारतातच स्किलची परीक्षा लावली आहे, त्यामुळे तिथे गेल्यावर शिकून घेऊ हा जुना मार्ग तसाही बंद होत चाललाय.

हात बसत असतानाच पासपोर्ट काढून ठेवा. ३६ पानांचा साधा पासपोर्ट १,५०० रुपयांत निघतो, कोणाला मधे घालायची गरज नाही. अर्ज भरताना एकच ध्यानात ठेवा, दहावी पास असाल तर दहावीचा कागद जोडा. नाही जोडला तर पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का पडतो. मग सौदी, अमिराती, कतार, ओमान, कुवेत धरून १८ देशांत कामाला जायच्या आधी सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते. दहावी नापास आहात तर घाबरू नका, तो शिक्का आपल्या भल्याचाच आहे. त्या परवानगीपायी मालकाचे कागद तपासले जातात आणि प्रवासी भारतीय बीमा काढावाच लागतो. दोन वर्षांचे २७५ रुपये, १० लाखांचं अपघाती कवच. माझ्या ओळखीतले ईसीएनआरवाले, म्हणजे तो शिक्का नसलेले, शहाणे २७५ रुपयांसाठी हसले होते. असो.

आता एजंट. आमच्या भागात त्याला एजंट कोणी म्हणत नाही, "विजावाला" म्हणतात. बसस्टँडच्या मागे, नाहीतर कोणाच्या सोयरिकीतून भेटतो. असाच एक मलाही भेटला होता. "आझाद विजा हाय, कुठंही काम कर, १ लाख २० हजार." बाबांनी धुऱ्याकडचं एकर विकायची तयारी केली. आमच्याच वर्गातला एक पोरगा त्याच माणसाच्या हातून आधी गेला होता. त्याचा कागद मी मागवून पाहिला तर त्यावर विजिट लिहिलेलं. तो तीन महिने एका खोलीत अकरा जणांसोबत राहिला आणि घरून तिकिटाचे पैसे मागवून परत आला. आझाद विजा नावाची गोष्टच कायद्यात नाही. तुमचा विजा ज्याच्या नावावर, त्याच्याकडेच काम. दुसरीकडे पकडले गेलात तर गुन्हेगार तुम्ही. आमचं एकर वाचलं, त्यात आज तूर आहे.

खरा एजंट ओळखायची रीत सोपी आहे. त्याच्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असतो. ई-मायग्रेटच्या सरकारी संकेतस्थळावर परवान्याचा नंबर टाका, नाव आणि मुदत दिसते. ज्याचं नाव नाही, त्याला चहासुद्धा पाजू नका. आणि परवानावालासुद्धा तुमच्याकडून जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे ३५,४००. रोख देऊ नका, बँकेतून द्या, पावती घ्या. पावती म्हटल्यावर ज्याचा चेहरा उतरतो तो कोण आहे हे मी सांगायला नको.

करार आला की सही करायच्या आधी एक रात्र घरी ठेवा. मुलाखतीत मला २,२०० रियाल सांगितले होते. तेव्हा रियाल साधारण १८ रुपयांचा. मी मनातच ४० हजाराच्या नोटा मोजल्या. कागदावर होतं बेसिक १,६००, जेवणाचे ३००, आणि "फिक्स ओव्हरटाईम" ३००. फिक्स म्हणजे काय हे मी विचारलंच नाही. तिथे गेल्यावर कळलं, रोज दोन तास जास्त काम, आणि त्याचे महिन्याचे ३०० ठरलेले. हिशोब करून बघा. १,६०० ला ३० दिवस आणि ८ तासांनी भागलं की तासाला पावणेसात रियालच्या आत येते. सौदीत ओव्हरटाईमचा तास बेसिकच्या निदान दीडपट, म्हणजे १० रियाल. महिन्याचे २६ दिवस, ५२ तास, ५२० रियाल. मिळायचे ३००. दर महिन्याला २२० रियाल, जवळपास ४ हजार रुपये, माझ्या सहीने मीच सोडून दिले. दोन वर्षं. दुसऱ्या कराराच्या वेळी मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती काढून घेतली, पण तोवर माझ्या जोडांचा एक्स-रे रिपोर्ट त्यांच्याकडे होता, म्हणून ऐकलं.

तर करारात बेसिक बघा. बाकी बरंच काही बेसिकवर अवलंबून असते, ओव्हरटाईमसुद्धा. राहणं-जेवण कोणाचं, ते लिहिलेलं असावं. सौदीच्या कामगार कायद्यात इकामाची, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याची, फी, कामाच्या परवान्याची फी, करार संपल्यावर घरी यायचं तिकीट मालकाकडे आहे. ते पैसे तुमच्याकडून मागितले तर चूक आहे. करार पूर्ण करून आलात तर पहिली पाच वर्षं दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार वेगळा मिळतो, तो मागून घ्यायचा. कतारला जाणार असाल तर तिथे २०२१ पासून कमीत कमी बेसिक १,००० रियाल आहे, राहणं-जेवण मालकाने दिलं नाही तर त्याचे ५०० आणि ३०० वेगळे.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला तिथल्या एका केरळच्या फोरमनने शिकवली. विजावर तुमचा धंदा अरबीत लिहिलेला असतो. वेल्डरला लह्हाम. पुष्कळदा तिथे नुसतं आमिल, म्हणजे मजूर, लिहून पाठवतात. मग हातात सिक्स-जी असूनही कागदावर तुम्ही मजूर. विमानात बसायच्या आधी अरबी वाचता येणाऱ्या माणसाला तो एक शब्द दाखवा. आपल्या तालुक्यात मशिदीचे मौलाना वाचून देतात, मी दिग्रसला जाऊन वाचून घेतला होता.

मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे आणि रक्ताची तपासणी असते. जुन्या क्षयाचा डाग दिसला तरी अनफिट होऊ शकता. म्हणून नोकरी सोडायच्या, कर्ज काढायच्या आधी यवतमाळला स्वतःच्या पैशाने एक साधा एक्स-रे काढून बघा.

सामानाचं थोडक्यात. जवसाची चटणी न्या, तिखट न्या, माय देईल ते न्या, पण खसखस नको. तिकडे खसखस अफूच्या रांगेत धरतात. मी दिवाळीनंतर निघालो. मायने अनारशांचा डबा भरला होता, खसखशीवर थापलेले. डबा बॅगेतून काढताना तिला कारण पटेना. "देवाच्या नैवेद्याचं पकवान, अन् त्याले पोलीस धरतेत?" शेवटी ते अनारसे बडनेऱ्याच्या फलाटावर आम्ही तिघांनी खाल्ले. कोणाचं पार्सल नेऊ नका, मामाचंही नाही. गोळ्या नेल्या तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा.

उन्हाचं आपल्याला कोणी सांगू नये असं मला वाटायचं. मे महिन्यात वखरामागे चाललेला माणूस ४५ ला काय घाबरतो? पण जुबेल समुद्रावर आहे. तिथलं ऊन ओलं. जाकीट, हातमोजे, हेल्मेट घालून दुपारी पाईपखाली निजलं की बुटात घाम साचते. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्यावर काम घेणं बंद असते, तो कायदा आहे. तेव्हा सावलीत बसायला लाजू नका, मीठ-साखरेचं पाणी प्या.

पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदेशीर आहे, तरी ठेवतात. माझाही सहा महिने ऑफिसच्या कपाटात होता. निदान सगळ्या पानांचे फोटो घरच्या मोबाईलवर पाठवून ठेवा, कराराचेही. पगार अडला तर भारतीय दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार करता येते, त्या वेळी हेच फोटो कामी येतात.

जर्मनीचं बरेच जण विचारतात. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग या तिथल्या राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला, तेव्हापासून जास्तच. तिथे भाषा आधी. जपानलाही तसंच, भाषेची परीक्षा आणि कामाची परीक्षा. वय वीस-बावीस असेल, घरी कोणी कमावतं असेल, तर वर्षभर भाषेला द्या, आखातापेक्षा ते बरं. मी पंचवीसचा होतो आणि घरावर सोसायटीचं कर्ज होतं, मला ते जमलं नसतं.

परवा आला त्या पोट्ट्याने पासपोर्ट सोबतच आणला होता, प्लास्टिकच्या पिशवीत, कोराकरकरीत. मी त्याला दोन इंचीचे चार तुकडे आणि पुड्यातल्या उरलेल्या रॉड दिल्या. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी तासभर बसतो. तळाचा रूट अजून आत ओढला जाते त्याचा. काल कापून पाहिला, भोकं सातवरून तीनवर आली होती.