थंडी हटेना, तर मिरची-टमाट्याची रोपं घरातच घ्या (अन् मांजरापासून जपा)

संक्रांत झाली तरी परभणीकडं पहाटेचा गारठा काही कमी होत नाही, अन् अशात बाहेर वाफ्यात मिरचीचं बी टाकलं तर ते नुसतं पडून राहतंय, कारण मिरचीला उगवायला २५ ते ३० डिग्रीची ऊब लागते, टमाटं त्यातल्या त्यात लवकर उगवतं. म्हणून ट्रेमधी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून बी टाका, वरून प्लास्टिक झाका अन् चुलीच्या खोलीत ठेवा, धगीपासून हातभर लांब बरं का. कोंब दिसला की त्याच दिवशी प्लास्टिक काढा अन् ट्रे उन्हाच्या खिडकीत न्या, नाहीतर रोप पांढरंफटक लांबतंय. पाणी सकाळीच, तेबी कोमट. संध्याकाळी ओलं राहिलं की देठ बुडाशी काळा पडून रोप आडवं होतंय.

आता खरी डोकेदुखी मांजर! कोकोपीट मऊ अन् कोरडं दिसलं की ते उकरून तिथंच घाण करणार, हाकलून काही फरक पडत नाही. कोंबड्याच्या जाळीचा तुकडा ट्रेवर वाकवून बसवा अन् शेजारी खोक्यात कोरडी वाळू टाका, मांजर गपगुमान तिथं जातंय. शेळीची पिल्लं रात्री घरात घेत असाल तर टमाट्याची रोपं उंचावर ठेवा, त्याचा पाला विषारी असतोय. औषध लावलेलं रंगीत बी सांडलं तर लगेच झाडून घ्या, कोंबड्या टिपतात.